दोघांचे भाडे, एकाची बक्षिसी

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीची गोष्ट. चार वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातून अर्थशास्त्र घेऊन पदवीधर झालेली आणि सध्या पुण्यात एका कंपनीच्या हिशेब खात्यात काम करणारी एक विद्यार्थिनी प्राध्यापकांच्या खोलीत मला भेटावयास आली. सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत ही बंदरे पाहून चार रात्रींनी पुन्हा सिंगापूरला परतणाऱ्या एका पर्यटन-जहाजाचा दरतक्ता तिच्या हाती होता. जाहिरातीत दरडोई सुमारे ४० हजार रुपये असा भाव छापलेला. आपण एकटीच जाणार असे कळविताच तिला आलेल्या आकारणीत मात्र भाड्याची रक्कम ८० हजार झाली होती. बंदरशुल्क तेवढे एकाच व्यक्तीचे लावलेले. कागद माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, ‘‘सर, बंदरशुल्काच्या वेळी मी एकटी आहे आणि भाड्याच्या वेळी आम्ही दोघे आहोत. तो दुसरा कोण, एवढे मला सांगा.’’

हाच कागद तिने आधी घरी दाखविला होता. तिचे वडील मोठे व्यवहारी गृहस्थ. त्यांनी सांगितले, ‘‘अगं, मग लग्न झाल्यावर जा. तेवढ्याच पैशांत दोघे जाल.’’ त्या भल्या गृहस्थांना ठाऊक नसेल, परंतु जहाज-कंपनीचे सारे गणित त्यांनी एका वाक्यात मांडले होते. कंपनीच्या लेखी प्रवासाचा घटक माणूस नसून जोडपे आहे, आणि आपल्या समाजाच्या लेखीही तरुण मुलीच्या बाबतीत बहुधा तसेच आहे. एकटीने जावयाचे तर त्याचा दंड भरावा लागतो. कंपनी तो पैशांत घेते आणि घरचे लोक प्रश्नांच्या रूपाने.

प्रस्तुत लेखकाने असल्या जहाजावर कधी पाय ठेवलेला नाही, हे आरंभीच कबूल केलेले बरे. अलिबागला जाताना मांडव्याच्या लाँचीवर जो काही समुद्र अंगावर उडाला तेवढीच आमची सागरी पुंजी. तथापि दर कसे ठरतात हा आमच्या विषयाचा भाग आहे आणि एका माजी विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणे हे आमचे कामच आहे.

डेकचे तिकीट

एकट्याने बोटीचा प्रवास करणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. किंबहुना कोकणात तोच रिवाज होता. माझे आजोबा सतराव्या वर्षी देवगडहून बोटीने मुंबईस आले ते एकटेच. पडावातून बोटीपर्यंत जावयाचे, डेकचे तिकीट काढावयाचे, मोकळी जागा पाहून वळकटी पसरावयाची आणि भाऊचा धक्का येईपर्यंत पोटातले पोटात ठेवण्याचा प्रयत्न करावयाचा, असा तो प्रवास. गिरणगावाकडे निघालेल्या त्या बोटींवर एकटे तरुण पुरुषच मोठ्या संख्येने असत. पुढे मुंबईत त्यांची व्यवस्थाही एकट्यांसाठीच होती. गावकऱ्यांच्या सामायिक खोल्या, खाणावळी, गोव्याच्या तारवटींचे कूड ही सारी एकट्या माणसाच्या अर्थव्यवस्थेची अंगे होत. बोटीचे भाडे डोईवर होते, कारण डेकवर माणसाला लागणारी जागा त्याच्या वळकटीएवढीच होती. सोबत बायको नाही म्हणून आजोबांकडून कोणी दुप्पट पैसे घेतले नाहीत.

१९८०च्या दशकात ती नियमित बोट-वाहतूक बंद पडली. जे गेले त्याविषयी गहिवर काढण्याचे कारण नाही. त्या प्रवासात हाल होते आणि धोकाही होता. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, त्या आठवणीने किनाऱ्यावरील घरांतल्या कितीतरी आया पुढे वर्षानुवर्षे बोटीचे नाव काढू देत नसत. सांगावयाचे ते इतकेच की, बोट जोवर माणसाला एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचविण्याचे साधन होती तोवर एकटा प्रवासी हा तिचा साधा, नेहमीचा गिऱ्हाईक होता. बोट हीच जाण्याची जागा झाली तेव्हा तो अडचणीचा ठरला.

हे स्थित्यंतर कसे झाले त्याचा इतिहास मनोरंजक आहे. हॅम्बुर्गच्या जहाज-कंपनीचे आल्बर्ट बालीन यांच्यापुढे हिवाळ्यात अटलांटिकवर प्रवासी मिळत नाहीत, ही अडचण होती. जहाज उभे राहिले तरी त्यावरील भांडवलाचे व्याज थांबत नाही. म्हणून जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्रात केवळ हिंडण्यासाठी पाठविले; ती सहल जवळजवळ दोन महिने चालली. रिकामे भांडवल कामाला लावण्याच्या युक्तीतून हा धंदा जन्मला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुढे १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित सेवा सुरू झाली आणि पोहोचविण्याचे काम जहाजांच्या हातून गेले. राहिले ते हिंडविण्याचे. २०२४ साली जगभरात सुमारे ३ कोटी ४६ लाख लोकांनी अशी सागरी सहल केली. अर्थात जहाज आता तरंगते हॉटेल झाले, आणि हॉटेल माणसाला नव्हे, खोलीला भाडे लावते.

एकशे आठ टक्के भरलेले जहाज

येथपर्यंत कंपनीची बाजू न्याय्य वाटते. खोली एक, तीत खाटा दोन. एक रिकामी राहिली तर तिचा खर्च कोणी सोसावयाचा? खोली बांधण्याचा, तेल जाळण्याचा, कप्तानाच्या पगाराचा खर्च एका माणसाने कमी होत नाही. परंतु एवढेच कारण असते तर दुसऱ्या माणसाने न खाल्लेल्या जेवणाचे पैसे तरी वजा झाले असते. ते सहसा होत नाहीत. शिवाय त्याच खोलीत तिसरा आणि चौथा माणूस घातला तर त्यांना कंपन्या पुष्कळदा फारच थोड्या भाड्यात नेतात. तेव्हा केवळ खोलीच्या खर्चाने हा दर समजत नाही.

खरी मेख जहाजावर होणाऱ्या विक्रीत आहे. वॉल्टर ऑय या अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली डिस्नेलँडच्या उदाहरणावरून दुभागी दराचा सिद्धांत मांडला: दारावरचे तिकीट किती ठेवावे आणि आतल्या प्रत्येक खेळण्याचे किती, ही दोन्ही उत्तरे एकमेकांवर अवलंबून असतात. पर्यटन-जहाज हे या सिद्धांताचे पाठ्यपुस्तकात शोभेल असे उदाहरण आहे. कार्निव्हल या जगातील सर्वांत मोठ्या कंपनीला २०२३ साली मिळालेल्या सुमारे २१.६ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी साडेसात अब्ज, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक, तिकिटांव्यतिरिक्त आले. मद्य, जुगार, किनाऱ्यावरील सहली, इंटरनेट, दुकाने यांतून मुख्यत्वे. तेव्हा रिकामी खाट म्हणजे केवळ बुडालेले भाडे नव्हे. ती न झालेली खरेदीही आहे. एकटीकडून घेतलेल्या दुसऱ्या भाड्यात, न आलेल्या माणसाने न प्यालेल्या मद्यावरचा नफाही धरलेला असतो, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही.

या धंद्यात जहाज किती भरले हे मोजण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. दर खोलीत दोन माणसे धरून १०० टक्के मानतात. मुले, आजी-आजोबा तिसऱ्या-चौथ्या खाटेवर आले की आकडा शंभराच्या वर जातो. रॉयल कॅरिबियनचा २०२४ सालचा आकडा १०८ टक्क्यांच्या वर होता. याउलट सर्व खोल्यांत एकेक प्रवासी असेल, एकही खोली रिकामी नसेल, तरी तक्त्यात ते जहाज निम्मेच भरलेले दिसेल. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न तिने नकळत याच तक्त्याला विचारला होता.

झ्यूल ड्युप्वी या फ्रेंच अभियंता-अर्थशास्त्रज्ञाने १८४९ साली रेल्वेच्या तिसऱ्या वर्गाविषयी एक मार्मिक निरीक्षण केले होते. त्या डब्यांना छप्पर नाही ते छपराला पैसे पडतात म्हणून नव्हे. ज्यांना दुसऱ्या वर्गाचे भाडे परवडते त्यांनी तिसऱ्यात बसू नये म्हणून. दर ठरविणाऱ्याचा रोख बहुधा तुमच्या गरजेवर नसून तुम्हाला दुसरा कोणता मार्ग उरला आहे यावर असतो, हे त्यातून दिसते. एकट्या प्रवाशाला दुसरा मार्ग कोणता? अनोळखी माणसाबरोबर खोली वाटून घेणे. तरुण मुलीला तो मार्ग नाही असेच धरून चालावे लागते.

तथापि बाजार आंधळा असला तरी बहिरा नाही. एकटे प्रवासी संख्येने वाढत आहेत हे ध्यानात आल्यावर नॉर्वेजियन कंपनीने २०१० साली ‘एपिक’ या नव्या जहाजावर एकट्यांसाठी १२८ लहान खोल्या बांधल्या. सुमारे १०० चौरस फूट जागा, समुद्राकडे खिडकी नाही, जी आहे ती बोळाकडे. पण भाडे एकाचे, आणि या खोल्यांतील लोकांना एकत्र बसण्यासाठी एक निराळे दालन. पुढे इतर कंपन्यांनीही हे अनुकरण केले. मात्र अशा खोल्या अजून थोड्या आहेत, त्या लवकर संपतात, आणि मागणी वाढताच त्यांचा भाव कधी कधी जोडप्याच्या अख्ख्या खोलीच्या जवळ जातो. बोळाकडची खिडकी आणि दोघांचे भाडे, असा सौदा मग होतो. ड्युप्वीला यात नवल वाटले नसते.

वयाची आणखी एक मेख आहे. अमेरिकेतून निघणाऱ्या जहाजांवर मोठ्या कंपन्या २१ वर्षांखालील प्रवाशाला सोबत वडीलधारे कोणी असल्याखेरीज घेत नाहीत; युरोप वा आशियातून निघणाऱ्या जहाजांवर पुष्कळदा १८ वर्षे पुरतात. मतदानाला पात्र झालेला नागरिक एका बंदरात सज्ञान आणि दुसऱ्यात अज्ञान ठरतो, तो जहाजावरच्या मद्याच्या नियमामुळे आणि पालकांच्या भीतीमुळे. पहिल्यांदा निघणाऱ्याने आगाऊ पैसे भरण्यापूर्वी हा नियम वाचलेला बरा.

कंपन्यांना इतके बोल लावल्यावर स्वतःकडेही पाहिले पाहिजे. आपल्याकडील जिल्ह्याच्या गावी संध्याकाळी एकटी स्त्री लॉजवर गेली तर ‘खोली नाही’ हे उत्तर तिला दुप्पट भाडे देऊनही ऐकावे लागते. माझ्या एका सहकारी प्राध्यापिकेला परीक्षेच्या कामासाठी परगावी गेली असताना हा अनुभव आला. शेवटी त्या रात्री एका विद्यार्थ्याच्या घरी राहिल्या. दुप्पट दर निदान खोली तरी देतो. महाराष्ट्रातील सहल-कंपन्यांनी केवळ स्त्रियांसाठी सहली सुरू केल्या आणि त्यांना भरघोस प्रतिसाद मिळाला, याचे कारण नवऱ्याखेरीज जाण्याची इच्छा असणाऱ्या स्त्रिया पूर्वीपासून होत्या, सोय नव्हती. अर्थात तेथेही खोली दुसरीबरोबर वाटून घ्यावयाची असते. ज्यांना ती नको त्यांच्यासाठी दरतक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरांत निराळा आकडा असतोच.

खोली झाडणारा

आता या दुप्पट भाड्याचे पुढे काय होते ते पाहू, कारण मला अधिक खटकणारी गोष्ट ती आहे. जहाजावर माणशी, दरदिवशी बक्षिसी लावण्याची पद्धत आहे. मोठ्या अमेरिकन कंपन्यांचे हे दर अलीकडे १६ ते २० डॉलरच्या घरात आहेत. खोली झाडणारे, जेवण वाढणारे, पडद्यामागे राबणारे यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग परंपरेने या बक्षिसीतून येतो. ही बक्षिसी प्रत्यक्ष आलेल्या माणसांवर लागते, न आलेल्यावर नाही. म्हणजे एकटा प्रवासी आला की भाडे दोघांचे जमा होते आणि बक्षिसी एकाची. रिकाम्या खाटेची भरपाई कंपनीला मिळते, खोली झाडणाऱ्याला मिळत नाही. त्याला खोली मात्र तेवढीच झाडावी लागते. चादर एक कमी, इतकाच काय तो फरक.

हा माणूस कोण असतो? बहुधा फिलिपाइन्स, इंडोनेशिया किंवा भारतातला. आपल्या किनाऱ्यावर ही चाकरी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे; गोव्यात तारवटी म्हणजे बोटीवरचा माणूस, आणि त्याच्या पैशांतून बांधलेली घरे गावोगावी उभी आहेत. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुटी नाही. जहाजाच्या मागे बहामाज, पनामा वा माल्टाचा झेंडा असतो, तो कर आणि कामगार-कायदे सोयीचे पडावेत म्हणून. २००६ साली झालेल्या आणि २०१३ मध्ये अमलात आलेल्या सागरी कामगार कराराने कामाच्या तासांवर मर्यादा घातली; भारताने तो करार २०१५ मध्ये मान्य केला. ती मर्यादा किती? दिवसाला फार तर १४ तास आणि सात दिवसांत ७२. कारखान्यातल्या कामगाराचे आठवड्याचे ४८ तास विद्यार्थ्यांना शिकविताना आम्ही हा आकडा सांगितला तर वर्गाला तो छपाईचा दोष वाटेल. मार्च २०२० नंतर जगभरची जहाजे थांबली तेव्हा प्रवासी आधी घरी गेले. हजारो कर्मचारी, त्यांत पुष्कळ भारतीय, किनारा दिसत असताना कित्येक आठवडे जहाजांवरच अडकून पडले.

ही सारी माहिती मी तिला दिली आणि सल्ला विचारलात म्हणून सांगतो, असे म्हणून ‘‘जा’’ असे सांगितले. अर्थशास्त्राच्या दृष्टीने सौदा वाईट आहे. परंतु पंचविसाव्या वर्षी स्वतःच्या पगारातून चार रात्री कोणालाही न विचारता घालविण्याचे मोल त्या दरतक्त्यावर छापलेले नसते आणि ते ठरविण्याचा अधिकार तिच्याखेरीज कोणाला नाही. वडिलांचे मन वळविण्याचे काम मात्र मी अंगावर घेतले नाही. तिने ते कसे केले, ती जाणे.

डिसेंबरात ती जाऊन आली. तिने सांगितलेल्यातले पहिल्यांदा जाणाऱ्यांच्या उपयोगी पडेल ते असे: सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतावयाचे असल्याने दुसऱ्यांदा प्रवेश मिळेल असाच व्हिसा लागतो. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत, सारे एका कार्डावर चढते आणि म्हणूनच खर्च कळत नाही. तिने रोज रात्री वहीत जमाखर्च लिहिला. इंटरनेट घेतले नाही, बंदरावर उतरून घरी निरोप धाडला. किनाऱ्यावर कंपनीच्या सहलीऐवजी तिने पेनांगला पायीच शहर पाहिले, मात्र परतीच्या वेळेच्या दीड तास आधी धक्क्यावर हजर राहिली. कंपनीची सहल लांबली तर जहाज खोळंबते, एकट्या-दुकट्यासाठी ते थांबेलच असे नाही. निघण्यापूर्वी संकटाच्या वेळी कोठे जमावयाचे ते दाखविणारी कवायत होते. तिला लोक कंटाळले होते, पण ही कवायत निघण्याच्या वेळीच होते याला कारण आहे: जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडले आणि ३२ माणसे गेली, त्या वेळी त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत व्हावयाचीच होती.

पहिल्या रात्री भोजनगृहात दोघांच्या मेजावर ती एकटी बसली आणि समोरची खुर्ची वाढप्याने निमूटपणे उचलून नेली, तेव्हा आपण उगीच आलो असे तिला वाटले. दुसऱ्या रात्री शेजारच्या मेजावरील नाशिकच्या एका कुटुंबातल्या आजींनी ‘‘एकटीच का गं? ये इकडे’’ म्हणून बोलावले. तिसऱ्या रात्री तिने त्यांना नम्रपणे नाही म्हटले आणि डेकवर जाऊन दोन तास समुद्राकडे बघत बसली. या तीन रात्रींतली कोणती चांगली, असे मी विचारले. ‘‘तिसरी, सर. पण दुसरीमुळे,’’ असे ती म्हणाली.

तिची खोली आवरणारा तरुण योगायोगाने काणकोणचा होता. तो रोज दोन उशा मांडत असे, नियमच तसा. शेवटच्या दिवशी तिने दुसऱ्या माणसाची चार दिवसांची बक्षिसी हिशेबाने मोजून पाकिटात घातली आणि त्याच्या हाती दिली. तुमची तर कार्डावर लागली आहे, तो म्हणाला. तिने सांगितले, ही त्या दुसऱ्याची. भाडे भरले आहे त्याचे.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये ‘क्रूझ भारत’ मोहीम जाहीर केली. २०२९ पर्यंत या प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचा तिचा संकल्प आहे. मुंबईत बॅलार्ड पिअरला पर्यटन-जहाजांसाठी नवे टर्मिनल सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाले. धक्के बांधण्यावर पैसा खर्च होत आहे तो होवो. दरांच्या बाबतीत सरकारने हात घालावा असे मी म्हणणार नाही. खोलीचा भाव कंपनीने ठरवावा. परंतु भाव सांगण्याच्या रीतीवर सरकारला बोलता येईल. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून कायद्याने छापील भावात सक्तीची शुल्के धरावी लागतात, आणि त्यानंतर अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी आपल्या जाहिराती बदलल्या. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध तरतूद आहे. ‘दरडोई’ हा शब्द वापरून दोन डोकी गृहीत धरणारी जाहिरात तीत बसते की नाही हे एकदा तपासले जावे. निदान मुंबई आणि मुरगावच्या धक्क्यांवरून निघणाऱ्या जहाजांनी एकट्याचा भाव, आणि त्यातून बक्षिसी कितीजणांची जाते तेही, दोघांच्या भावाशेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावे. उन्हाळ्याच्या सुटीच्या जाहिराती आता येऊ लागतील.